चळवळे पाय

आमच्या औंढा नागनाथच्या जमिनीला गप्प असल्याचा दाखला थेट शास्त्रज्ञांनी दिला आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा भारतात कुठं उभारायची, यासाठी त्यांनी बऱ्याच जागा धुंडाळल्या, जमिनीची थरथर मोजली आणि शेवटी आमच्याच तालुक्यातलं दुधाळा-अंजनवाड्याकडचं माळरान पसंत केलं. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी अशी लहर पहिल्यांदा पकडली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, त्याची उरलीसुरली थरथर तेव्हा कुठं पृथ्वीवर पोचली. बातमी ११ फेब्रुवारी २०१६ला जाहीर झाली आणि सहा दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळानं भारतातल्या लायगोला तत्त्वतः मान्यता दिली. सरकारी कागद सहा दिवसांत हलला, ही घटना मला कृष्णविवरांच्या टकरीइतकीच दुर्मीळ वाटते. पुढं एप्रिल २०२३मध्ये २६०० कोटी रुपयेही मंजूर झाले.

या वेधशाळेचे दोन हात चार-चार किलोमीटर लांब, एकमेकांशी काटकोनात. लहर आली की त्यांची लांबी बदलते. किती? प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकी. एवढंसं मोजायचं तर खालच्या जमिनीनं चुळबुळ करून भागत नाही. ट्रक गेला, आगगाडी गेली, लांब कुठं समुद्राची लाट किनाऱ्यावर आपटली, तरी या हातांतल्या आरशांना चाहूल लागते. म्हणून समुद्र नको, मोठं शहर नको, कारखान्यांची घरघर नको. ‘आमच्याकडं काहीच नाही’ ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार. तीच आता आमची पात्रता ठरली.

अशा गप्प जमिनीवर माझं घर आहे, आणि त्या घरात रात्री माझे पाय गप्प राहत नाहीत.

हा त्रास सांगायलाच मोठा अवघड. दिवसा काही नाही. संध्याकाळ कलली, जरा टेकलं, की पिंढऱ्यांच्या आत काहीतरी जागं होतं. ते दुखत नाही, खाजत नाही, त्याला मुंग्याही म्हणवत नाही. ते फक्त ‘हलव’ म्हणतं. हलवला पाय की निवतं. थांबवला की पुन्हा तेच. उठून अंगणात चार येरझाऱ्या घातल्या की मी बरा. अंथरुणावर आलो की आजारी. पहाटे कोंबडा आरवायच्या सुमाराला पाय आपोआप शहाणे होतात आणि तोवर माझी उठायची वेळ झालेली असते. डॉक्टरांनी विचारलं, “दुखतं?” म्हटलं, नाही. “बधिर होतं?” नाही. “मग होतं तरी काय, गुरुजी?” म्हटलं, हलवावेसे वाटतात. शाळेत अशी तक्रार घेऊन एखादं पोर आलं असतं तर मी त्याला मैदानाला तीन चकरा मारायला लावल्या असत्या. गंमत म्हणजे उपचार तोच निघाला असता.

या आजाराला कारकीर्द मोठी आहे. लंडनच्या थॉमस विलिस या वैद्यानं १६७२मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं आणि रुग्णांना अफूचा अर्क दिला. त्यानंतर पावणेतीनशे वर्षं या पायांकडं फारसं कुणी गांभीर्यानं पाहिलं नाही. १९४५मध्ये कार्ल-आक्सेल एकबोम या स्वीडिश मेंदूतज्ज्ञानं त्यावर आख्खा प्रबंध लिहिला आणि ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव रूढ केलं. आता दोघांची नावं जोडून त्याला विलिस-एकबोम आजारही म्हणतात. नाव भारदस्त असलं की घरच्यांचा सूर बदलतो, असा माझा अनुभव. आधी आमच्या घरात म्हणायचे, “बसल्या जागी पाय हलवू नका हो, लक्ष्मी जाते.” नाव कळल्यापासून म्हणतात, “हलवा, पण जरा तिकडं सरकून.”

बसून राहायच्या जागा मला वर्ज्य होत गेल्या. रातराणीनं प्रवास म्हणजे शिक्षा. सगळी गाडी घोरत असते आणि मी दोन सीटांच्या मधल्या वाटेत दांडी धरून उभा. कंडक्टर विचारतो, “काका, सीट मिळाली नाय का?” मिळाली आहे बाबा, तीच तर अडचण आहे. नागनाथाच्या दर्शनालाही मी गर्दीच्या दिवशी जात नाही. पिंड जमिनीखालच्या भुयारासारख्या गाभाऱ्यात. अरुंद वाटेनं वाकून उतरायचं, आत गुडघे दुमडून दाटीवाटीनं बसायचं. भक्तिभावानं डोळे मिटावेत तर पाय शेजारच्या बाईच्या पूजेच्या ताटाकडं निघालेले.

अलीकडं कळलं की हे घराण्यात चालत येतं. मग आजी आठवली. दिवेलागण झाली की ती माजघरात पालथी पडायची आणि आम्हा नातवंडांना हाक मारायची, “या रं, पायावर हुबे ऱ्हावा.” आम्ही भिंतीतल्या खुंटीला धरून तिच्या पिंढऱ्यांवर उभं राहायचो. लहानाची पाळी आधी, थोराड पोराची नंतर. आम्ही दमलो की ती जुन्या लुगड्याची पट्टी पोटऱ्यांना करकचून आवळायची आणि तशीच रात्र काढायची. घरातली मोठी माणसं म्हणायची, राबून राबून पाय भरून येतात म्हातारीचे. कुणी वैद्याला विचारलं नाही. आता पुस्तकात वाचतो: बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त, गरोदरपणात वाढतो, अंगात लोह कमी असलं की बळावतो. आजीची बाळंतपणं किती झाली ते मोजायला दोन्ही हातांची बोटं लागायची, आणि जेवायला ती सगळ्यांच्या शेवटी बसायची. तिच्या पायांचं निदान त्या शेवटच्या ताटातच होतं.

माझीही तपासणी लोहापासूनच सुरू झाली. रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीराची लोहाची शिल्लक, तळाला गेलं होतं. मेंदूला डोपामिन नावाचं रसायन बनवायला लोह लागतं, आणि पायांच्या या चळवळीमागं ही दोन्ही खाती असावीत, असा वैद्यकाचा होरा आहे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. संध्याकाळचा चहा बंद झाला. सर्दीच्या काही गोळ्यांनी त्रास वाढतो म्हणून त्याही बंद. डोपामिनसारखं काम करणारं औषध पूर्वी सर्रास द्यायचे. पण त्यानं पुढं पुढं उलटंच होतं, त्रास रात्रीऐवजी दुपारीच दारात येऊन उभा राहतो, म्हणून डॉक्टर आता हात आखडता घेतात. मला दुसरी गोळी दिली. तिनं थोडी झोप आली आणि दिवसाही येऊ लागली.

तेव्हा चुंबकाची गोष्ट निघाली.

डोक्याबाहेर तारेचं वेटोळं धरायचं, त्यातून क्षणभर जोरदार वीज सोडायची, त्यानं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून बिनबोभाट आत जातं आणि मेंदूच्या पेशींत इवलासा प्रवाह उठवतं. फॅरेडेनं १८३१मध्ये सांगितलेला नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. तो एक दिवस माझ्याच टाळूवर सिद्ध करून दाखवतील, हे कुठं ठाऊक होतं? हे यंत्र इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५मध्ये चालवून दाखवलं. नैराश्यासाठी त्याला अमेरिकेत २००८मध्ये परवानगी मिळाली आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही ते आता रुळलं आहे. चळवळ्या पायांसाठी मात्र तुर्कस्तान, चीन अशा ठिकाणी मोजक्या रुग्णांवर प्रयोग झालेत. काहींना काही आठवडे बरं वाटलं. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, “काका, याच्यावर पक्का शिक्का बसलेला नाही. गोळ्यांनी भागत नाही म्हणून करून पाहू. गुण येईलच असं मी म्हणणार नाही.” इतक्या कमी आश्वासनावर मी मतदानसुद्धा केलेलं नाही.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. शेजारच्या बापूरावांना काळजी रक्ताची.

“गुरुजी, रगतात लोखंड आसतं म्हनं.”

“असतं.”

“आन् तुमी लोखंडाच्या गोळ्या खायलाव.”

“खातो.”

“मंग डोक्याला चुंबक लावल्यावर समदं रगत वर चढंल की वो!”

मी समजावलं की रक्तातलं लोह असं खिळ्यासारखं मोकळं नसतं, त्याला चुंबक ओढत नाही. बापूराव विचारात पडले. मग म्हणाले, “मंग गोळ्या तरी कायला खायलाव?” शिक्षकाच्या पेशात मला निरुत्तर करणारे विद्यार्थी थोडे भेटले, शेजारी भरपूर.

खरी अडचण विज्ञानाची नव्हती, एसटीची होती. हा उपचार आठवड्यातले पाच दिवस, असा काही आठवडे चालतो. म्हणजे पुण्याला लेकीकडं मुक्काम. ज्याला बसवत नाही त्यानं आधी रात्रभर गाडीत बसून जायचं आणि मग रोज खुर्चीत निश्चल बसायचं. पाय मोडलेल्या माणसाला डोंगरावरच्या हाडवैद्याकडं चालत पाठवण्यातला हा प्रकार.

दवाखान्यात आधी चौकशी झाली. डोक्यात धातूचा तुकडा आहे का? हृदयाला पेसमेकर? कधी फीट आली होती? मग घड्याळ, मोबाइल, एटीएम कार्ड बाहेर काढून ठेवलं. नाकाच्या वरच्या खाचेपासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावून माप घेतलं, टोपीवर खुणा केल्या. कानात बोळे घातले. पहिल्या दिवशी जोर किती लावायचा ते ठरवतात. त्यासाठी वेटोळं मेंदूच्या हाताच्या भागावर धरतात आणि वीज वाढवत नेतात. टक्. टक्. टक्. आणि एका ‘टक्’ला माझा अंगठा उडाला. मी उडवला नव्हता. अंगठा माझा, हुकूम दुसऱ्याचा. साक्षरता मोहिमेत अंगठेबहाद्दरांना सही शिकवत मी रात्री जागवल्या. आता म्हातारपणी माझाच अंगठा एका पंचविशीतल्या तंत्रज्ञ मुलीच्या सांगण्यावरून नाचत होता. “छान आला,” ती म्हणाली. तिला पेपर तपासताना मी दिलेल्या शेऱ्यांची आठवण करून द्यावी असं वाटलं, पण ती माझी विद्यार्थिनी नव्हती.

मग वेटोळं टाळूकडं सरकलं. मेंदूतल्या नकाशात हाताला, ओठांना ऐसपैस जागा आहे. पायांचा भाग डोक्याच्या अगदी मध्यावर, दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत दुमडून बसवलेला. पायांना तिथंही मोकळं पसरू दिलेलं नाही. तिथपर्यंत पोचायला चुंबकालाही जोर करावा लागतो. “डोकं हलवू नका हं काका,” मुलगी म्हणाली. पायांबद्दल ती काही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला पाय सोडून दुसरं काहीतरी न हलवायला सांगत होतं. मी इतका खूश झालो की दोन्ही स्थिर राहिले. अर्थात तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि अकराला माझे पाय नेहमीच सज्जन असतात.

गुण आला का? या आजाराची एक आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे. दहा प्रश्न, प्रत्येकी चार गुण, एकूण चाळीस. जितके कमी मिळतील तितका विद्यार्थी हुशार. माझा निकाल ‘तीव्र’वरून ‘मध्यम’वर आला. म्हणजे मी वरच्या वर्गात गेलो, पण कृपांकांनी. ते तरी चुंबकाचे होते का? प्रयोगांत काही रुग्णांना खोटं वेटोळं लावतात. तेही टक् टक् वाजतं, पण आत काही पोचत नाही. त्यांतल्याही काहींना बरं वाटतं, आणि या आजारात असं पुष्कळदा होतं. मला खरंच लावलं होतं. तरी त्या दिवसांत लेकीच्या हातचं जेवण होतं, संध्याकाळी नातवाबरोबर फिरणं होतं आणि पोटातलं लोहही वाढत होतं. श्रेय वाटायला बसलं तर सत्कार समितीत भांडणं व्हायची.

खुर्चीत डोकं धरून बसलं की विचारांना मात्र पाय फुटतात. मला रोज नामदेव आठवायचे. त्यांचं नरसी गाव आमच्याच जिल्ह्यात. कथा सगळ्यांना ठाऊक आहे: तेरला संतमंडळी जमली होती, मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना विचारलं की यांतलं कच्चं मडकं कोणतं, आणि काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणायला सुरुवात केली. बाकीचे गप्प बसले. नामदेव कळवळले आणि कच्चे ठरले. मग गुरू शोधत ते कुठं आले? औंढ्याला. इथं नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर खुशाल पिंडीवर पाय टाकून झोपले होते. नामदेवांनी हटकलं तर म्हातारा म्हणाला, मला उचलवत नाहीत, जिथं देव नसेल तिथं तूच नेऊन ठेव. नामदेवांनी पाय उचलले, दुसरीकडं ठेवले, तिथं पिंड. आणखी सरकवले, तिथंही पिंड. डोक्यावर थापटणं पडलं तेरला आणि गुण आला औंढ्यात, कुणाच्या तरी पायांपाशी. मी बरोबर उलट निघालो होतो. पाय औंढ्याचे, आणि टाळूवर टक् टक् करून घ्यायला परगावी.

विसोबांच्या त्या पायांवर मी पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत, तीही मागं खांबाला टेकून, उभ्यानं. कीर्तनकार त्यातून देव सर्वत्र आहे हे सांगतात, ते खरंच. पण पायांच्या रुग्णाला त्या कथेत आणखी काही ऐकू येतं. नामदेव पायांना योग्य जागी ठेवायची खटपट करत होते. विसोबांनी ती खटपटच निकालात काढली. पुढं याच देवळामागं नामदेव कीर्तनाला उभे राहिले तेव्हा सबंध देऊळ त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, अशी आमची श्रद्धा. म्हणून नंदी मागच्या बाजूला राहिलाय. फिरलेलं ते देऊळ नंतर पुन्हा सरळ करायचं कुणी मनावर घेतलं नाही. पडझड झाली तेव्हा अहिल्याबाई होळकरांनी वरचा भाग बांधून दिला, पण दिशा तशीच राहिली. आणि नामदेव स्वतः? नरसीहून पंढरपूर, तिथून थेट पंजाबातलं घुमान. त्यांचे पाय कुणी तपासले असते तर फेरिटिनची चाचणी नक्की लिहून दिली असती.

आमची गप्प जमीनही तशी चळवळीच आहे. दाखला मिळाला म्हणून ती मुडद्यासारखी पडून नाही. शेजारच्या वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, माणसं घराबाहेर धावतात. २१ मार्च २०२४च्या सकाळी सहाच्या सुमाराला ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५चा. मला वाटलं, आता लायगोवाले गाशा गुंडाळणार. पण वाचल्यावर कळलं की त्यांनी जमिनीकडून मौनव्रताची अपेक्षा केलेलीच नाही. त्यांचे चाळीस-चाळीस किलोचे आरसे जमिनीला पक्के ठोकत नाहीत. ठोकले तर प्रत्येक थरथर थेट आरशात जाईल. ते काचेच्या बारीक धाग्यांवर टांगतात, एकाखाली एक असे चार लंबक करून. खालची हालचाल वरच्या लंबकात जिरते, उरलेली पुढच्यात. आरसा स्थिर राहतो कारण त्याला झुलायला जागा ठेवली आहे.

हे वाचलं आणि आजीची लुगड्याची पट्टी डोळ्यांपुढं आली. मीही इतकी वर्षं पायांना आवळतच होतो. पांघरुणात, शिस्तीत, लक्ष्मीच्या भीतीत. रात्री उठून फिरणं म्हणजे हार, असं धरून चाललो होतो. गोळ्या हव्यातच, लोह हवंच, चुंबकाला पुढं पक्का शिक्का बसला तर मी पहिला रांगेत उभा राहीन; रांगेत उभं राहणं मला सोयीचंच पडतं. पण जे उरेल त्याला झुलायला जागा काढायला हवी होती.

ती जागा आमच्या गल्लीतच निघाली. दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री विणा खाली ठेवायचा नाही. कुणीतरी तो गळ्यात घालून उभं राहायचं, नामस्मरण करत पावलं टाकायची. दोन-दोन तासांचे पहारे. दिवसाच्या पहाऱ्याला माणसांची कमी नसते. संध्याकाळच्या पहाऱ्याला तर वशिला लागतो. पण रात्री दोन ते चार? त्या वेळेला जवान पोरांना पाठदुखी होते, भाविकांना पाव्हणे येतात आणि समितीवाले हात जोडत दारोदार फिरतात. मी परत आलो त्या वर्षी त्यांच्याकडं स्वतः गेलो आणि म्हटलं, दोन ते चार माझ्या नावावर लिहा, सातही रात्री. अध्यक्षांना आधी ते खरं वाटेना, मग त्यांनी माझ्याच पाया पडायला वाकून पाहिलं. मी पाय मागं घेतले. ते सवयीनं तसेही मागं गेलेच असते.

दोन ते चार हीच माझ्या पायांची ऐन भराची वेळ. अंथरुणावर जी वळवळ, ती विणा गळ्यात पडला की पावली होते. टाळ धरणाऱ्या जोडीदाराच्या मानेला डुलक्या येतात, आणि मी एक पाय पुढं, एक मागं, मजेत. लोक म्हणू लागले, गुरुजींचा भाव मोठा. मी ‘डोपामिन’ म्हणून बघितलं, पण कुणी ऐकून घेतलं नाही. कीर्ती पसरली. शेजारच्या दोन गावांनीही त्यांच्या सप्ताहाला रात्रीच्या पहाऱ्यासाठी सांगून ठेवलं आहे. न्यायला-आणायला मोटारसायकल त्यांची.

परवा बापूराव घरी आले. पुण्याला पुन्हा चुंबकाला जायचा माझा विचार आहे, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. समितीनंच त्यांना पाठवलेलं दिसत होतं. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले, मग घसा खाकरून म्हणाले, “गुरुजी, जावा तुमी, नाय म्हनत न्हाई. पर डागदरला येवढं सांगा: पाय पुरते बरे करू नका म्हनावं. पुढच्या सप्त्यापुरते तरी ऱ्हाऊ द्या.”